पद्मिनीचा गिअरबॉक्स : टिकाऊ कशाला म्हणायचं?

साशंक : जुन्या गाड्यांचा विषय निघाला की 'त्या काळच्या वस्तू टिकाऊ होत्या' हे वाक्य येतंच, आणि प्रीमियर पद्मिनीच्या चार गिअरच्या बॉक्सबद्दल तर हमखास येतं. मला ते तपासून बघायचं आहे. आज रस्त्यावर जी पद्मिनी धावताना दिसते ती टिकली, हे कबूल. पण जी टिकली नाही ती दिसणारच कशी? ती भंगारात गेली आणि वितळली. उरलेल्यांकडे बघून सगळ्यांविषयी मत बनवायचं, ही पहिली चूक. दुसरी गोष्ट परिस्थितीची. परवाना राजमध्ये गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. एवढ्या खटपटीने हाती आलेली गाडी कोण सोडणार? गिअरबॉक्स गेला तर उतरवायचा, उघडायचा, बसवायचा. पुन्हा गेला तर पुन्हा. ज्याला दुसरा पर्यायच नव्हता त्याच्या चिकाटीचं श्रेय आपण पोलादाला देतो आहोत, अशी माझी शंका आहे.

चाहता : शंका रास्त आहे, पण मी आधी पोलादापासूनच सुरुवात करतो, कारण त्याचा वाटा तुम्ही शून्य धरताय. १९६४ मध्ये आपल्याकडे फियाट ११०० डिलाइट आली, तीच पुढे नाव बदलून सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसी, ताकद सुमारे चाळीस अश्वशक्ती, टॉर्क सत्तर न्यूटन-मीटरच्या आसपास. गाडी साधारण नऊशे किलोची. म्हणजे गिअरच्या दात्यांवर इंजिनाचा जो जोर यायचा तो मुळातच थोडा होता. आता बेअरिंगचं गणित बघा. बॉल बेअरिंगवरचा भार निम्मा केला की त्याचं आयुष्य दुप्पट होत नाही, आठपट होतं. भार आणि आयुष्य यांचं नातं घनाचं आहे. दात्यांचंही तसंच. त्यांच्यावर कडक केलेला थर असतो, जाडीला साधारण मिलिमीटरभर. जोर बेताचा असेल तोवर तो थर वर्षानुवर्षं साथ देतो. जोर मर्यादेपलीकडे गेला की थराखाली बारीक भेगा पडतात, पृष्ठभागावर खड्डे येतात आणि मग दाता पाहता पाहता खलास होतो. या गाडीत ती मर्यादा क्वचित गाठली जायची. हा नाइलाज नव्हे, ही रचना आहे. मोठ्या इंजिनाच्या मागे बारीक गिअरबॉक्स लावला असता तर कितीही चिकाटीचा मालक त्याला वाचवू शकला नसता.

साशंक : तुमचं गणित इंजिनाच्या टॉर्कचं आहे. दात्याला मात्र फक्त इंजिनाचा जोर सोसावा लागत नाही. पाच माणसं आत, कॅरियरवर सामान, खड्ड्यातून वर काढताना क्लच झटक्याने सोडला की क्षणभर जो धक्का बसतो तो इंजिनाच्या टॉर्कपेक्षा कितीतरी मोठा असतो, कारण त्यात फिरत्या फ्लायव्हीलचा वेग ओतला जातो. आणि धक्क्याचं बोलतोच आहोत तर पहिल्या गिअरचं बोलू. या गिअरबॉक्सात दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्याला सिंक्रोमेश होतं, पहिल्याला नव्हतं. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, हा नियम. आता सांगा, दादरच्या गर्दीत रांगत रांगत चाललेल्या गाडीत किती जण तो नियम पाळत असतील? कर्रकन आवाज आला की दात्याच्या कडेचा एक कण गेला. तो कण पुन्हा तेलात फिरतो आणि बेअरिंगमध्ये जाऊन बसतो. दर वेळी थोडंथोडं स्वतःलाच खाणाऱ्या यंत्राला टिकाऊ म्हणायचं?

चाहता : इथे मला जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण माझ्या मते या गिअरबॉक्सची खरी गंमत इथेच आहे. सिंक्रोमेश म्हणजे काय? घर्षणाने दोन भागांचे वेग जुळवणारं कडं. ते कडं स्वतः झिजून दात्यांना वाचवतं. पहिल्याला ते नव्हतं, म्हणून वेग जुळवायचं काम चालवणाऱ्याच्या पायाकडे होतं. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, ॲक्सिलरेटरला हलका फटका द्यायचा, पुन्हा क्लच दाबून पहिला टाकायचा. डबल क्लच. जुन्या खोपोली घाटात चढावावर दुसऱ्यात गाडी दमली, मागे ट्रकांची रांग, थांबायला जागा नाही, अशा वेळी ज्याला हे जमायचं त्याचा पहिला गिअर लोण्यासारखा पडायचा. आवाजसुद्धा व्हायचा नाही. आणि एक साधी गोष्ट तुम्ही लक्षात घ्या : जे कडं तिथे नाहीच ते झिजूही शकत नाही. आजच्या गाडीत घाईने गिअर टाकला तरी काही ऐकू येत नाही. कडं गुपचूप झिजतं आणि ज्या दिवशी कळतं त्या दिवशी उशीर झालेला असतो. पद्मिनी लगेच ओरडायची. चूक ज्या क्षणी झाली त्याच क्षणी ऐकू आली तर माणूस सुधारतो. त्या काळच्या चांगल्या ड्रायव्हरांचे कान आणि पाय या गिअरबॉक्सने तयार केले होते.

साशंक : म्हणजे जे काम यंत्राने करायचं ते माणसाच्या पायावर ढकललं, आणि पायाने ते नीट केलं म्हणून कौतुक यंत्राचं! हे मला पटत नाही. टिकाऊपणा हा त्या वस्तूचा गुण असेल तर तो वाईट हातातही दिसायला हवा. निदान काही अंशी तरी.

चाहता : काही अंशी दिसतोच, पण तो कुठे बघायचा हे ठरवावं लागेल. आपण सगळे किलोमीटर मोजतो, आणि गिअरबॉक्सच्या बाबतीत किलोमीटर हे माप फसवं आहे. या गिअरबॉक्सचा चौथा गिअर थेट आहे. चौथ्यात इंजिनाकडून येणारा शाफ्ट आणि मागे जाणारा शाफ्ट एकमेकांना जोडले जातात, जोर लेशाफ्टच्या, म्हणजे समांतर फिरणाऱ्या जोडशाफ्टच्या, दात्यांतून जातच नाही. दाते फिरतात, पण भार न घेता. मुंबईहून नाशिकला चौथ्यात गेलेल्या गाडीचा गिअरबॉक्स वाटेतल्या घाटाचा भाग सोडला तर जवळजवळ विश्रांती घेत गेलेला असतो. उलट कुलाबा ते गिरगाव हेलपाटे मारणारी टॅक्सी दिवसभर पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत असते. अंतर थोडं, पण प्रत्येक गिअर टाकताना कड्याची, फोर्कची, स्प्रिंगची झीज, आणि प्रत्येक वेळी जोर दात्यांतून. म्हणून महामार्गावरच्या तीन लाख किलोमीटरपेक्षा शहरातले ऐंशी हजार जड असू शकतात. आता आपल्याकडे सगळ्यात कडक परीक्षा कुणाची झाली? मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची. त्या गाड्या कुणी हौसेने जपलेल्या नव्हत्या. पाळ्या बदलत रात्रंदिवस चालायच्या, कधी सराईत हातात, कधी कालच परवाना मिळालेल्या हातात. तुमचा वाईट हातांचा कस तिथे लागून गेला आहे. आणि शेवटी त्या थांबल्या त्या यंत्र मोडलं म्हणून नव्हे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. तिला नियमाने उतरवलं.

साशंक : तुम्ही स्वतःच माझ्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा दिलात. वीस वर्षं टॅक्सी चालली, हे खरं. पण त्या टॅक्सीत पहिल्या दिवशी बसवलेला गिअरबॉक्स शेवटच्या दिवशी होता का? टॅक्सीवाल्याला गाडी एक दिवस बंद ठेवणं म्हणजे त्या दिवसाची चूल बंद ठेवणं. गिअरबॉक्स आवाज करायला लागला की मिस्त्री तो उघडत बसायचा नाही. दुसऱ्या गाडीतून काढून बनवून ठेवलेला बॉक्स चढवायचा, आणि उतरवलेला बॉक्स सवडीने खोलून, बेअरिंग बदलून, पुढच्या गिऱ्हाइकासाठी तयार करायचा. शहरात दिसेल ती टॅक्सी त्याच जातीची. प्रत्येक गाडी दुसऱ्या गाडीचं सुट्या भागांचं कोठार होती. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जा, पुण्यात नाना पेठेत जा, शाफ्टपासून स्प्रिंगपर्यंत सगळं मिळायचं. जेन्युइन परवडलं नाही तर लोकल, तेही नाही तर लेथवाल्याकडून बुश करून घ्यायचा. तेव्हा टिकली ती एखादी पेटी नव्हे. हजारो सारख्या पेट्या, त्या एकमेकींत फिरवणारे हात, आणि चालत जाण्याच्या अंतरावर असलेलं गॅरेज, हे सगळं मिळून टिकत होतं. टिकाऊपणा शहराचा होता.

चाहता : (जरा थांबून) हे मी नाकारणार नाही. उलट मला वाटतं, मी जे म्हणत होतो त्यापेक्षा हे जास्त अचूक आहे. पण त्यातला एक धागा सोडू नका. हजारो पेट्या फिरवता आल्या, कारण ती पेटी फिरवता येण्यासारखी होती. ती रस्त्याच्या कडेला उतरवता यायची. उघडायला खास हत्यारं लागायची नाहीत. आत काय घडतंय ते डोळ्यांना दिसायचं. झिजलेला भाग एकटा बदलता यायचा, त्याच्यासोबत अर्धी पेटी टाकून द्यावी लागायची नाही. दोन गाड्यांमधल्या पेट्या एकमेकांच्या जागी बसायच्या, म्हणजे कारखान्याने मापं सांभाळली होती. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात हा गिअरबॉक्स भारतीय हातांनी घडवला, आणि ज्या मापांत तो घडला त्याच मापांत गल्लीतला मिस्त्री तो पुन्हा उभा करू शकला. दुरुस्ती शक्य होणं हा अपघात नसतो. तुम्ही शहराला श्रेय द्या, पण शहराला ते काम करू देणारी वस्तू कशी असते, हेही सांगा.

साशंक : सांगतो, आणि तिचे दोषही सांगतो. स्टिअरिंगखालचा तो दांडा घ्या. बाकासारख्या सलग सीटवर पुढे तीन माणसं बसावीत म्हणून गिअरचा दांडा वर घेतला, आणि तिथून पेटीपर्यंत दांड्या, बुश, कोपरे यांची साखळी आली. एकेक बुश जरासा सैल झाला की दांडा हवेत फिरतो. मग भर चौकात गिअर अडकतो, ड्रायव्हर खाली उतरतो, बॉनेट उघडतो, हाताने दांड्या ओढून न्यूट्रल करतो आणि परत येऊन बसतो. मुंबईकरांनी हे दृश्य इतक्या वेळा पाहिलं आहे की त्यांना ते गाडीच्या स्वभावातलंच वाटायचं.

चाहता : ती साखळी पेटीच्या बाहेरची. पेटीत दोष नव्हता.

साशंक : गिअर पडला नाही, एवढंच चालवणाऱ्याला कळतं. दोष लोखंडी कवचाच्या आत की बाहेर, याने त्याला काय फरक पडतो? आणि आतलंही सांगतो. दुसरा गिअर सुटतो, ही या वयाच्या गाड्यांची नेहमीची तक्रार. फोर्क झिजला, रोखणारी स्प्रिंग मऊ पडली, शाफ्ट पुढे-मागे सरकायला लागला, दात्यांच्या कडा गोल झाल्या, की जोर उलटा आल्याबरोबर गिअर स्वतःहून न्यूट्रलला येतो. जोर उलटा कधी येतो? उतारावर, ॲक्सिलरेटर सोडल्यावर. म्हणजे नेमका घाट उतरताना, इंजिनाच्या ब्रेकवर भिस्त ठेवलेली असताना. भरलेली गाडी एकदम मोकळी सुटते. तेव्हा 'अजून चालते' आणि 'अजून विश्वासाने चालते' यांत फरक करायला हवा. जुन्या गाडीचे चाहते पहिल्यावर समाधान मानतात. मला ते मान्य नाही, कारण गाडीत इतर माणसंही बसलेली असतात.

चाहता : यावर माझा वाद नाही. सुटणारा गिअर हाताने धरून घाट उतरणाऱ्याला मी चाहता म्हणणार नाही. पण तुम्ही सांगितलेला प्रत्येक दोष आधी सूचना देतो. दुसरा सुटायच्या आधी कितीतरी महिने दांडा थरथरायला लागतो. बेअरिंग जायच्या आधी गुणगुणतं, आणि कोणत्या गिअरात गुणगुणतं यावरून कुठलं बेअरिंग ते कळतं. न्यूट्रलमध्ये आवाज आहे आणि क्लच दाबल्यावर जातो, तर इनपुट शाफ्ट किंवा लेशाफ्टकडे बघा. चौथ्यात गाडी शांत आणि दुसऱ्यात आवाज, तर लेशाफ्टच्या बाजूला भार आल्यावर काहीतरी बोलतंय. तेल काढलं की बोल्टला चिकटलेला कीस सांगतो पोलाद झिजतंय की काही मोठं तुटलंय. ही भाषा येणारी माणसं होती. आता ती म्हातारी होत चालली आहेत, याचं मला खरंच वाईट वाटतं. आजही जाणत्या माणसाकडून चूक होते ती तेलात. डिफरन्शियलला चालतं म्हणून तेच जीएल-५ तेल लोक गिअरबॉक्सात ओततात. जुन्या पेट्यांमध्ये पितळेचे किंवा ब्राँझचे भाग असतात. काही जीएल-५ तेलांतली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं तापल्यावर पितळेला खातात. शिवाय तेल फार निसरडं असलं की सिंक्रोच्या कड्याला पकड मिळत नाही आणि गिअर कचकचतात. मालकाला वाटतं पेटी म्हातारी झाली. ती म्हातारी नसते, तिला चुकीचं औषध चाललेलं असतं.

साशंक : म्हणजे आपण फिरून तिथेच आलो. हलका भार, जाणता पाय, ऐकणारा कान, योग्य तेल, जवळचं गॅरेज, आणि शेजारी तशाच हजार गाड्या. यातलं एकेक काढत गेलं की पेटीचा टिकाऊपणा कमी कमी होत जातो. आणि आज नेमकं तेच काढलं जातंय. पेटी बदलली नाही, तिचं पोलाद तेच आहे, पण १९८५ साली जी टिकाऊ होती ती आज नाजूक झाली आहे. टॅक्सी मोडीत निघाल्या तेव्हा सुट्या भागांचा पूर आला असेल, पण तो ओसरणारच. पुढे एक लेशाफ्ट तुटला तर एका भागासाठी गाडी महिनोन्महिने उभी. आणि उभी गाडी हा तर गिअरबॉक्सचा शत्रू. वरचे दाते तेलाबाहेर राहतात, पावसाळ्यात दमट हवा आत शिरते, बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके पडतात. पुढे गाडी चालवली की ते ठिपकेच खड्डे होतात. चालवून झिजण्यापेक्षा हे वाईट.

चाहता : म्हणून तर मी म्हणतो, चालवा.

साशंक : कोणत्या पेटीवर? इथे मला तुम्हाला थेट विचारायचं आहे. प्रीमियरनेच आपल्या ११८एनई या गाडीत निसानचं इंजिन आणि निसानचा गिअरबॉक्स घातला, आणि शेवटच्या काळात काही पद्मिनींनाही खालच्या दांड्याचा गिअर आला. कोलकात्याच्या अ‍ॅम्बेसेडरलाही नव्वदच्या दशकात इसुझूचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स मिळाला. म्हणजे बनवणाऱ्यांनी स्वतःच जुनी पेटी सोडली. मग रोज ऑफिसला पद्मिनी न्यायची असेल, पोरांना शाळेत सोडायचं असेल, तर चारही गिअरांना सिंक्रो असलेली, भाग सहज मिळणारी पेटी बसवली तर काय बिघडलं? कायदाही आडवा येत नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणताना चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळ असावं असं म्हटलं आहे. गिअरबॉक्सचं नाव त्यात नाही. बाहेरून कुणाला कळणारही नाही.

चाहता : चालवणाऱ्याला कळेल. आणि तोच नियम पूर्ण वाचा. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे १९७४ ची पद्मिनी त्या नोंदीत गेली की तुमचं ऑफिस आणि शाळा दोन्ही संपलं. आणि जी रोज चालणार नाही तिला सोयीची पेटी हवी तरी कशाला? उलट जी रोज चालवायची आहे तिच्यासाठी तुमचा मुद्दा मला टाळता येत नाही. पण पेटी बदलली की ती गाडी चालवण्याची रीत जाते. स्टिअरिंगखालचा दांडा, पहिल्याला दिलेला डबल क्लच, गाडी थांबेपर्यंत धरलेला धीर, हे काढलं तर उरतो तो बाहेरचा आकार. तो सुंदर आहे, मला प्रिय आहे, पण आकार जपायचा आणि आतली वागणूक टाकायची याला जपणं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

साशंक : मग उलटं विचारतो. तुमच्या मूळ पेटीत बेअरिंगं नवी, सिंक्रोची कडी नवी, फोर्क लेथवाल्याचा, लेशाफ्ट दुसऱ्या गाडीचा. मूळ उरलं ते फक्त कवच. आणि माझ्या निसानच्या पेटीतला एकही भाग पद्मिनीचा नाही, पण ती गाडी रोज रस्त्यावर आहे, पन्नास माणसं रोज तिला बघतात, तिच्या इंजिनाचा आवाज ऐकतात. यातली कुठली पद्मिनी टिकली?

चाहता : भाग नवे असले तरी चालतील, ते त्याच मापाचे आणि त्याच कामाचे असतील तर. माझी रेघ तिथे आहे. बदललेला भाग जुन्या भागाचंच काम करतो, चालवणाऱ्याकडून तेच मागतो. तुमची पेटी वेगळं काही मागते, किंबहुना काहीच मागत नाही. पण माझ्या रेघेला एक अट आहे, आणि ती तुमच्यामुळे मला आज स्पष्ट झाली. त्या मापाचा लेशाफ्ट घडवणारा कुणीतरी हवा. गिअर कापणारं छोटं वर्कशॉप, जुना भाग हातात घेऊन माप घेणारा टर्नर, पोलादाला बरोबर कडकपणा देणारी भट्टी, आणि एका गाडीसाठी नव्हे तर पाच-पन्नास मालकांनी मिळून दिलेली ऑर्डर. ते जमलं तर मूळ पेटी आणखी एक पिढी चालेल.

साशंक : आणि नाही जमलं तर?

चाहता : तर घाट उतरताना ज्या गाडीचा दुसरा सुटतो ती मी चालवणार नाही. तुमची पेटी बसवीन की गाडी झाकून ठेवीन, हे मात्र आज सांगता येत नाही.

साशंक : झाकून ठेवलीत तर बेअरिंगवर गंज चढेल, हे आत्ताच बोललो आपण. आणि माझी पेटी बसवलीत तर पुढच्या पिढीत डबल क्लच कसा द्यायचा हे शिकायला मूळ पेटीची एकही चालती गाडी उरणार नाही. याचं उत्तर माझ्याकडेही नाही. तोवर निदान एवढं करू : ज्यांच्या गाड्यांत अजून जुन्या पेट्या आहेत त्यांच्याकडून झिजलेले लेशाफ्ट मागवून मापं उतरवून ठेवू. पेटी ठेवायची की बदलायची, हे दोन्ही बाजूंना नंतर ठरवता येईल. पण मापंच गेली तर ठरवायला काही उरणार नाही.